तोंडातली जखम आणि मानेतली गाठ



तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि डॉक्टरांनी मानेचीही शस्त्रक्रिया सुचविली, की घरचे लोक बिथरतात. “जखम जिभेला आहे, मानेला हात कशाला?” हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पेशींच्या वागणुकीत सापडते.

तोंडाच्या आतील अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. हे धरून ठेवण्याचे काम ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन करते. जपानच्या क्योतो विद्यापीठातील मासातोशी ताकेइची यांनी या प्रथिनांचा शोध लावला व 1980च्या दशकात त्यांना कॅडहेरिन हे नाव दिले. एका पेशीवरचे प्रथिन शेजारणीवरच्या तशाच प्रथिनात अडकते. त्याला कॅल्शियम लागते. पेशीच्या आत ते कॅटेनिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेले असते. फुगडी खेळणाऱ्या मुलींच्या हातांसारखीच ही पकड म्हणा ना!

कर्करोगात पुष्कळदा ही पकड ढिली होते. प्रथिनाचा जनुक शाबूत असूनही मुका केला जातो. मग पेशी सुटतात, खालचा पातळ पडदा विरघळवतात आणि लसीकावाहिन्यांतून मानेतील ग्रंथींत जाऊन बसतात. तिथे पोचल्यावर काही पेशी हेच प्रथिन पुन्हा बनवून वस्ती करतात, म्हणजे शत्रू वेषांतर करून आला म्हणायचे. त्यामुळे या एका प्रथिनावरून रोगाचे सारे भविष्य सांगता येत नाही, आणि ते पुन्हा जागे करणारे औषध अद्याप नेहमीच्या उपचारात नाही. तसा दावा करणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे.

मानेत शिरलेल्या या मूठभर पेशी हाताला लागत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने नेमका हाच प्रश्न तपासला. रोग लवकरच्या अवस्थेत असलेल्या 500 रुग्णांचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. तोंडाबरोबरच मानेतील ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के. हा फरक लहान नव्हे. “मान मोकळी आहे, नंतर बघू” म्हणणाऱ्या नातेवाइकांनी तो नीट वाचावा. शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखतो, जड होतो, हेही खरे. व्यायाम कोणते करावेत हे आधीच विचारून घ्यावे.

आता पान-सुपारीचे. तंबाखू नसलेले पान निर्धोक, असे आपल्यातील कित्येक वडीलधारे मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली सुपारीलाच कर्करोगकारक ठरविले आहे. पूजेतल्या सुपारीविषयी आमची तक्रार नाही. ती गणपती म्हणून बसते, कुणी चघळत नाही.

जिभेच्या कडेला, गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा वा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत जखम भरत नसेल, तर दंतवैद्याला दाखवावे. सुरुवातीला ती दुखत नाही, म्हणून आजोबा सांगणारही नाहीत. त्यांना तोंड उघडायला आपणच सांगावे लागेल.