बेट घ्यायचं? तेही २५ वर्षांसाठी?

गेल्या वर्षी आमच्या घरात एक बेट आलं. म्हणजे डायनिंग टेबलवर. नवऱ्याने लॅपटॉप उघडला, नवी एक्सेल शीट काढली आणि वाकडच्या टू बीएचकेच्या डाउन पेमेंटसाठी चार वर्षं साठवलेले अठरा लाख रुपये तिच्यात टाकून दिले. शीटचं नाव : गिली आइर.

दोष सुट्टीचा. बालीला गेलो, तिथून फास्ट बोटीने लोम्बोकच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या तीन बेटांकडे. त्रावांगन, मेनो आणि आइर. ‘गिली’ म्हणजे तिथल्या सासाक भाषेत छोटं बेट. इथे पेट्रोलवर चालणारी एकही गाडी नाही. सायकल नाहीतर ‘चिदोमो’ नावाचा घोड्याचा टांगा. सकाळी अजान, दुपारी कासवांसोबत स्नॉर्केलिंग, संध्याकाळी वाळूत पाय रुतवून भाजलेला मासा. हिंजवडीच्या सिग्नलला रोज पन्नास मिनिटं काढणाऱ्या माणसाचं डोकं तिसऱ्या दिवशी फिरलं नाही तरच नवल!

चौथ्या दिवशी एजंट भेटला. ‘दोन आर जागा आहे, २५ वर्षांचं लीज. दोन बांबूच्या खोल्या बांधा, होमस्टे चालवा, पाच वर्षांत पैसे वसूल.’ आणि गंमत बघा, तिथेही जमीन ‘आर’मध्येच मोजतात. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, अगदी आपल्या सातबाऱ्यासारखं. त्या एका शब्दानेच नवऱ्याला माहेरी आल्यासारखं वाटलं.

मी पडले पत्रकार. शंका घेणं हाच माझा धंदा. म्हणून परत आल्यावर मी कागद वाचायला बसले, आणि पहिल्याच पानावर फंडा क्लिअर झाला : इंडोनेशियात परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळतच नाही. १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे ‘हक मिलिक’, म्हणजे कायमची मालकी, फक्त तिथल्या नागरिकांची. (हो, ‘हक’ आणि ‘मिलिक’ हे आपलेच हक्क आणि मालक. शब्द ओळखीचे, नियम नाहीत.) आपल्याला मिळतं ते ठराविक वर्षांचं भाडेपट्ट्याचं लीज, किंवा राहण्याचा परवाना असेल तर ‘हक पाकाई’, वापराचा हक्क. बिझनेस करायचा तर परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढायची, आणि तिच्यासाठी गुंतवणुकीचा आराखडा हवा १० अब्ज रुपियांच्या वर. आपल्या हिशेबात पाच कोटींच्या आसपास. आमचे अठरा लाख कोपऱ्यात लाजून उभे राहिले.

‘मग लोक करतात कसं?’ नवऱ्याचा प्रश्न. एजंटचं उत्तर तयार होतं : एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर घ्या, बाजूला खासगी करार करा. हे ऐकून माझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘अगं, हे तर कोकणात चालतं तसंच. शेतकरी दाखला नाही म्हणून दुसऱ्याच्या नावावर प्लॉट घ्यायचा आणि मग जन्मभर त्याची मर्जी सांभाळायची.’ आई बरोबर होती. तिथल्या कायद्यात अशा आडमार्गाने परदेशी माणसाला मालकी देणारा व्यवहार रद्दबातल ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. दिलेले पैसेही परत मिळत नाहीत.

बरं, लीज सरळ असलं तरी देणाऱ्याची जागा त्याची आहे का? शेजारच्या त्रावांगनची गोष्ट ऐका. तिथली ६५ हेक्टर सरकारी जमीन १९९५ मध्ये एका कंपनीला विकासासाठी दिली गेली. कंपनीने विकास केला नाही, आणि मधल्या काळात गावकऱ्यांनी त्याच जमिनीवर घरं, रेस्टॉरंट्स, बंगले उभे केले. काही जागा परदेशी लोकांच्या ताब्यातही गेल्या. शेवटी २०२१ मध्ये सरकारने कंपनीचा करार रद्द केला, आणि तिथे धंदा करणाऱ्यांना सरकारबरोबर नव्याने व्यवहार करायची वेळ आली. त्याआधी २०१७ मध्ये रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूची बांधकामं पाडली गेली होती. ब्रोशरवर जो फोटो असतो ना, वाळूवरच्या टेबलांचा, नेमकी तीच बाजू!

आता तुम्ही म्हणाल, चांगला वकील आणि नोटरी गाठला की झालं. मलाही तसंच वाटत होतं. कागद तपासून घेता येतात. पण आम्ही ज्या होमस्टेत उतरलो होतो तिथल्या इबूंची एक गोष्ट डोक्यातून जाईना. (इबू म्हणजे आई, तिथे मोठ्या बाईला असंच हाक मारतात.) निघायच्या आदल्या रात्री नवऱ्याने त्यांना उत्साहात प्लॅन सांगितला. त्यांनी शांतपणे कॉफी ओतली आणि विचारलं, ‘भूकंप झाला तर तुम्ही कुठे असाल?’

५ ऑगस्ट २०१८. लोम्बोकला ६.९ तीव्रतेचा धक्का बसला, पाचशेहून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी गिलींच्या किनाऱ्यावर पर्यटकांची बोटींसाठी झुंबड उडाली. इबू मात्र मुलांना घेऊन कितीतरी रात्री उघड्यावर झोपल्या. घर पुन्हा बांधलं, आणि २०२० मध्ये कोरोना आला. बोटी थांबल्या, पाहुणे थांबले. नवरा परत मासेमारीला गेला, त्यावर घर चाललं. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं. फक्त एवढंच म्हणाल्या, ‘पाहुणे जातात, ते बरोबरच आहे. पण शेजारी गेला तर त्रास होतो.’

विमानात मी हेच नवऱ्याला विचारलं. आपण कोण होणार? पाहुणे की शेजारी? आपण पुण्यात बसून शीट बघणार, आणि तिथे पंप बिघडला तर कोण धावणार? ‘आइर’ म्हणजे इंडोनेशियन भाषेत पाणी, पण त्या बेटावर गोडं पाणी समुद्राखालच्या पाइपमधून लोम्बोकहून येतं. आम्ही रोज दोनदा शॉवर घेत होतो आणि इबू बादलीने मोजून पाणी वापरत होत्या. आमच्या दोन खोल्या म्हणजे आणखी दोन शॉवर. शीटमध्ये त्याची रांगच नव्हती.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘म्हणजे मला बेट नकोय. मला हिंजवडी नकोय.’ लग्नाला तीन वर्षं झाली, पण इतकं खरं वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

तर अठरा लाख सध्या एफडीत आहेत. वाकडचाही पुनर्विचार चालू आहे, कारण प्रश्न फ्लॅटचा नव्हताच. ज्यांना अजूनही बेट खुणावतंय त्यांनी तिथल्या स्वतंत्र नोटरीकडून जमिनीचं मूळ प्रमाणपत्र तपासून घ्या, एजंटच्या नोटरीकडून नको. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, पण परदेशातली मालमत्ता रिटर्नमध्ये दाखवावी लागते. आणि टुरिस्ट व्हिसावर होमस्टे चालवता येत नाही.

आम्ही मात्र फेब्रुवारीत जातोय. ऐन पावसात, बोटी रद्द होतात तेव्हा. विमानतळावर मिळणारा ३० दिवसांचा व्हिसा एकदा वाढवता येतो, म्हणून मी दोन महिने आणि नवरा मिळेल तेवढी रजा काढून. इबूंकडेच खोली ठरवली आहे, महिन्याच्या भाड्याने. फोनवर त्यांना सांगितलं तर हसून म्हणाल्या, ‘पावसात? कोणी येत नाही तेव्हा!’

म्हटलं, म्हणूनच येतोय.