आधी डोंबिवली, मग बारसू

राजापूर तालुक्यातील बारसू-सोलगाव परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्प व्हावा की नाही, हा वाद कल्याण-डोंबिवलीला परका नाही. राजापूर, लांजा, देवगडची असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी इथे स्थिरावली आहेत. गावच्या जमिनीवर प्रकल्पाची टांगती तलवार आणि इथल्या खिडकीबाहेर रासायनिक कारखान्याचे धुराडे, असे दोन्ही एकाच घराच्या वाट्याला येते. ‘रोजगार येईल, सुरक्षेची काळजी सरकार घेईल’ हे आश्वासन ही माणसे डोंबिवलीच्या अनुभवावरच तोलणार.

तो अनुभव भीषण आहे. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीतील स्फोटात १२ जणांचा बळी गेला, दोनशेहून अधिक जखमी झाले. २३ मे २०२४ रोजी, लोकसभेच्या मतदानाला तीन दिवस होतात न होतात तोच, अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे गेली. काहींची ओळख डीएनए चाचणीशिवाय पटेना. आधी बॉयलर फुटल्याचे सांगितले गेले, मग तो रिअॅक्टर असल्याचे पुढे आले. हा फरक किरकोळ नव्हे. अशा कारखान्यातील सेंद्रिय पेरॉक्साइड ठरावीक तापमानापलीकडे गेले की आपोआप विघटित होऊ लागते, त्यातून आणखी उष्णता निघते आणि एकदा ही साखळी सुटली की शीतकरण तोकडे पडते. अशा ठिकाणी देखरेख एकसंध हवी. आपल्याकडे बॉयलर बाष्पके संचालनालयाकडे, कारखान्याची सुरक्षा औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे, धूर-सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि भूखंड एमआयडीसीकडे. स्फोटानंतर जाब नेमका कोणाला विचारायचा?

त्याहून मोठी चूक जमिनीची आहे. १९६४ मध्ये डोंबिवलीची औद्योगिक वसाहत झाली तेव्हा भोवती भातशेती होती. पुढे शहर कारखान्यांच्या कुंपणाला भिडले. लगतची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली, २०१५ मध्ये परत घेतली गेली. या धरसोडीत बेकायदा इमारती फोफावल्या आणि कारखाना व घर यांच्यात मोकळी जागा राखायची जबाबदारी कोणीच घेतली नाही. धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा मात्र प्रत्येक सरकारने केल्या. ते हलायलाच हवेत, पण कामगारांना वाऱ्यावर सोडून नव्हे. कल्याणजवळच्या मोहोन्याची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली, तिथले कामगार थकीत देण्यांसाठी किती वर्षे झगडले हे कल्याणकरांनी पाहिले आहे.

आता कोकणात पाहा. २०१८ मध्ये सौदी अराम्को व अबुधाबीच्या ॲडनॉकला सोबत घेऊन वर्षाला सहा कोटी टनांची रिफायनरी नाणारला आणायचे ठरले. विरोधामुळे २०१९ मध्ये ती जागा सोडली आणि बारसू पुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सड्यावर पोलीस बंदोबस्तात माती परीक्षण झाले, बायाबापड्या रणरणत्या उन्हात वाट अडवून बसल्या. त्याच सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे आहेत. त्या बायांना विकासविरोधी म्हणणे अन्यायाचे आहे.

पेट्रोकेमिकल उद्योग आपल्याला नको, असे आम्ही म्हणत नाही. औषधांपासून पाण्याच्या पाइपपर्यंत सारे त्यातूनच येते आणि कोकणातल्या तरुणाला गावातच काम मिळावे, ही आमचीही इच्छा आहे. पण प्रकल्पाभोवतीचा बफर झोन सरकारने स्वतः विकत घ्यावा, त्याचा वापर बदलण्याचा अधिकार पुढच्या कोणत्याही मंत्र्याकडे राहू नये, अशी कायद्यात तरतूद हवी. या शिस्तीची सुरुवात मात्र डोंबिवलीतूनच व्हावी. इथले अतिधोकादायक कारखाने कोणते, ते कोणत्या तारखेला कुठे जाणार, कामगारांचे काय होणार आणि रिकाम्या भूखंडांवर काय येणार, हे सरकारने लेखी जाहीर करावे. तोवर बारसूत भूसंपादनाची एकही नोटीस निघू नये.