औषध शोधले, पण पोहोचवणार कोण?

"सहा महिन्यांची होईपर्यंत पोरगी कशी टवटवीत होती! मग कोणाची नजर लागली कोण जाणे!" माझ्या धाकट्या बहिणीचे हातपाय ठणकू लागले की आई हे हमखास म्हणते. बहिणीला सिकलसेल आहे. ती नऊ वर्षांची झाल्यावर ते आम्हांला कळले. नजरेचे सोडा, पण आईचे निरीक्षण मात्र खरे होते, हे मला यंदा ग्रंथालयात वाचताना समजले.

१९४८ साली जेनेट वॉटसन या अमेरिकन डॉक्टरबाईंच्या हेच ध्यानात आले होते. हा आजार असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी फार थोड्या असतात. कारण आईच्या पोटात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते बनवणारे जनुक जणू झोपी जाते आणि मोठेपणीच्या हिमोग्लोबिनचे जनुक कामाला लागते. दोष असतो तो या दुसऱ्या जनुकात. मग पहिल्यालाच पुन्हा जागे केले तर?

हायड्रॉक्सीयुरिया हे मूळचे कर्करोगावरचे औषध काही प्रमाणात हेच करते. १९९५ साली अमेरिका आणि कॅनडातील २९९ प्रौढ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे औषध घेणाऱ्यांचे वेदनांचे झटके दुसऱ्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्मे होते. १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे २००८ मध्ये बाळपणीचे जनुक झोपवणारी कळ, बीसीएल-११ए, सापडली. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने एका नव्या उपचाराला परवानगी दिली. त्यात रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून ती कळ मोडतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून अधिक!

कुणी म्हणेल, एकदाच खर्च आणि जन्माची सुटका, मग वाईट काय? वाईट काहीच नाही. त्या शास्त्रज्ञांना माझा नमस्कारच आहे. परंतु त्या उपचाराआधी जबर औषधे देऊन अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, मोठ्या रुग्णालयात राहावे लागते. सिकलसेलचे रुग्ण आफ्रिकेत आणि आपल्याकडे गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर आहेत. म्हणून मला वाटते, खरी आशा गोळीत आहे. २०२४ साली शास्त्रज्ञांनी असा एक रेणू प्रसिद्ध केला की तो दिल्यावर माकडांच्या रक्तात बाळपणीचे हिमोग्लोबिन वाढले. पैसा आणि बुद्धी या दिशेने अधिक वळली पाहिजे.

पण नव्या गोळीची वाट पाहताना जुन्या गोळीचे काय? बहिणीचे झटके हायड्रॉक्सीयुरियाने खूप कमी झाले. मागच्या पावसाळ्यात मात्र जवळच्या दवाखान्यात ते संपले. बाबा मजुरी बुडवून दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी गेले, रिकाम्या हाताने परतले. तिसऱ्या आठवड्यात बहीण रात्रभर कण्हत होती. ज्या रात्री औषध घरात नसते, त्या रात्री त्याचा शोध लागला काय आणि न लागला काय, सारखेच!

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी करून त्यांना कार्डे द्यायची, हे त्याचे उद्दिष्ट. स्तुत्य आहे. पण कार्ड हे निदान झाले, उपचार नव्हे.

मित्रहो, आपण कलाशाखेचे विद्यार्थी. आपल्याकडून रेणू शोधला जाणार नाही. पण राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दत्तक गावात दरवर्षी रस्ते झाडतो. यंदा घरोघर जाऊन एवढेच विचारू या: कार्ड कुणाकडे आहे, आणि या महिन्याची गोळी मिळाली का? ती यादी प्राध्यापकांच्या सहीने जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना देऊ या. हे काम तरी आपल्याला जमण्यासारखे आहे.

— द्वितीय वर्ष, कला