नाव यादीत आहे ना?



निवडणूक आली की चौकात, ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत चर्चेला ऊत येतो. कोण येणार, कोण पडणार यावर आपण तासन्‌तास बोलतो. पण स्वतःचे नाव मतदार यादीत आहे का, असे विचारले तर उत्तर येते, "असेलच की!" या "असेलच की"बद्दल आम्हांला थोडे लिहायचे आहे.

१९५१-५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा आपली बागली मध्य भारत राज्यात होती. संस्थानी राजवट संपून जेमतेम तीन-चार वर्षे झालेली. यादी करायला आलेल्या कर्मचाऱ्यांना अनेक घरांतील स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी मात्र मतदाराची नोंद स्वतःच्याच नावाने होईल असा आग्रह धरला. परिणामी देशातील सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि आपल्या मध्य भारतातल्या होत्या. नवऱ्याचे नाव उखाण्यात घेण्याची रीत आपण कौतुकाने जपतो. स्वतःचे नाव न सांगितल्यामुळे हक्क गेला, ही गोष्ट मात्र मुलींना कोणी सांगत नाही.

आज कोणी नाव लपवत नाही, तरी नावाचा घोळ संपलेला नाही, आणि मराठी घरांत तो जरा जास्तच आहे. लग्नानंतर आपल्याकडे आडनावच काय, कित्येकदा पहिले नावही बदलते. शाळेच्या दाखल्यावर एक, ओळखपत्रावर दुसरे. त्यातून यादी हिंदीत, तेव्हा काळ्यांचे 'काले' होणारच! एखाद्या अक्षराचा फरक असला आणि ओळख पटत असली, तर मतदान नाकारले जाऊ नये अशा आयोगाच्या सूचना आहेत. पण नाव निराळेच असेल, तर ८ क्रमांकाचा फॉर्म भरून ते आधीच दुरुस्त करून घ्यावे.

"माझ्या एका मताने काय होणार?" असे म्हणणाऱ्यांनी शेजारच्या शाजापूरकडे पाहावे. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत तिथला निकाल अवघ्या २८ मतांनी लागला. एवढी माणसे तर आपल्या एका वर्गात बसतात.

आणखी एक सूर अधूनमधून कानी येतो. १९६२ पासून सलग आठ वेळा कैलाश जोशी बागलीतून निवडून गेले, १९७७ मध्ये मुख्यमंत्रीही झाले, तेव्हा गावात निवडणुकीचे केवढे वारे असे! २००८ पासून ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली, "आता आपला काय संबंध?" हे आम्हांला मुळीच पटत नाही. राखीव असते ती उमेदवारी, मतदान नव्हे. रस्ता, पाणी, दवाखाना सर्वांचाच आहे.

लोकसभेसाठी आपण खंडवा मतदारसंघात येतो. जिल्हा देवास आणि खासदार खंडव्याचा, यामुळे मोठेही गोंधळतात. नगर परिषदेची यादी राज्य निवडणूक आयोगाची, म्हणजे आणखी निराळी. विधानसभेच्या यादीत नाव सापडले म्हणून वॉर्डाच्या यादीतही असेलच, असे नाही.

अठरा वर्षे पूर्ण होण्याची तारीख पूर्वी १ जानेवारी ही एकच धरत. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही धरल्या जातात. सतराव्या वर्षीच ६ क्रमांकाचा फॉर्म आगाऊ भरता येतो, तेव्हा अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी वाट पाहू नये. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर नाव घालता येत नाही, आणि धावाधाव तेव्हाच सुरू होते.

शिक्षणासाठी इंदूर-पुण्याला गेलेल्या मुलांनी वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदवावे की घरच्या, हे स्वतः ठरवावे. दोन्हीकडे ठेवणे कायद्याने चालत नाही. कायमचे तिकडे स्थायिक झालेल्यांची नावे इथे राहू देण्यात आम्हांला काही शोभा दिसत नाही. मत तिथे नाही, इथेही नाही, असे किती घरांत चालले आहे ते पालकांनीच मोजावे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण हाती घेण्यात आले. तेव्हा २०२३ ला मत दिले होते, म्हणून नाव आहेच असे धरून चालू नये. आपल्या केंद्राच्या बीएलओकडे यादी पाहायला मिळते, आयोगाच्या संकेतस्थळावरही शोधता येते. आजी-आजोबांचे नाव नातवंडांनी शोधून द्यावे आणि आजीचे माहेरचे नाव काय होते, तेही त्या निमित्ताने विचारून घ्यावे.