होर्नचा मनोरा आणि आमची वखार

गेल्या ज्येष्ठांत आम्ही उभयतां चिरंजिवांकडे हॉलंडांत दीड महिना राहून आलों. परतल्यापासून भेटावयास येणारा प्रत्येकजण प्रथम फोटो मागतो. फोटो पुष्कळ आहेत. सुनेनें मोजून अकराशें चाळीस सांगितले. ते दाखवितांना मनांत जें सलतें, तें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

तेथें आम्ही मुद्दाम जुन्या बंदरांचीं गांवें पाहिलीं. वेंगुर्लेकरांस त्यांचें कुतूहल असणें स्वाभाविक आहे. डचांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्यें निघाली. तिच्या सहा शाखा होत्या: आम्स्टरडॅम, मिडलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एंखौझन. पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या आपल्या जहाजांना अन्नपाणी मिळावें, म्हणून याच कंपनीनें १६३७-३८ च्या सुमारास, आदिलशाही मुलुखांतील आमच्या वेंगुर्ल्यास वखार घातली. एंखौझनचा लिन्स्कोटेन हा तर त्याच्याही आधींचा. १५८३ पासून पांचएक वर्षें तो गोव्यास आर्चबिशपांचा चिटणीस होता. त्याचें प्रवासवर्णन १५९६ मध्यें छापलें गेलें. त्यांत गोव्याच्या बाजाराचें चित्रसुद्धां आहे. आपल्या किनाऱ्याची वाट डचांना दाखविण्यांत त्या पुस्तकाचा वांटा मोठा.

होर्नच्या धक्क्यावर १५३२ सालचा दगडी मनोरा अद्याप उभा आहे. त्याच्यापुढें समुद्र मात्र उरलेला नाहीं. १९३२ मध्यें बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घालून डचांनीं त्या उपसागराचें तोंडच बंद केलें, आणि खारें पाणी हळूहळू गोडें झालें. जेथून जहाजें जावाकडे निघत, तेथें आज बदकें पोहतात.

फोटो काढणारास तो देश कल्पवृक्ष आहे. अक्षांश ५२ च्या पलीकडचा. ज्येष्ठांत सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो, आणि त्यापूर्वीं दोनतीन तास तिरपें ऊन विटांच्या भिंतींवर रेंगाळत असतें. एकेक वीट वेगळी उठून दिसते. आमच्याकडे मे महिन्याच्या आरंभीं सूर्य दुपारीं थेट माथ्यावर येतो. खांबाची छाया खांबाच्या पायाशींच विरते, आणि फोटोंत देऊळ पुठ्ठ्याचें दिसतें. शिवाय आमचा किनारा पश्चिमाभिमुख. संध्याकाळीं सागरेश्वराच्या पुळणीवर सूर्यास्ताच्या मोहानें मोबाइल समुद्राकडे वळवावा, तर पुढें उभीं असलेलीं घरचीं माणसें कोळशासारखीं काळीं येतात.

माझे पहिले पन्नासएक फोटो वायां गेले. मनोरा पुरा मावावा म्हणून मी मोबाइल वर उचलून धरीं, आणि मनोरा मागें कलंडलेला येई. नात म्हणाली, "आजोबा, दहा पावलं मागें जा, आणि हात सरळ धरा." वर्गांत ‘सरळ बसा, सरळ बसा’ असें मीं मुलांस जितके वेळां बजावलें, त्याचें उट्टें निघालें!

होर्नच्या चौकांत कून याचा पुतळा आहे. बटेविया वसविणारा हा गृहस्थ याच गांवचा. १६२१ मध्यें बांदा बेटांवर त्यानें जी कत्तल केली, तिची आठवण सांगणारा फलकही आतां पुतळ्याखालीं आहे. येणारे जाणारे पुतळ्याचा फोटो घेतात, फलकाचा घेत नाहींत. मीं दोहोंचा एकाच चौकटींत घेतला. अकराशें चाळिसांत तेवढा एक मला मनापासून आवडतो.

त्याच चौकांत नातीनें विचारलें, "आजोबा, ही कंपनी आपल्याकडे आली होती ना? मग आपल्या वखारीचा फोटो दाखवा कीं!"

मी मोबाइल चाळूं लागलों. सागरेश्वराचे सुरू होते. खाडींतल्या होड्या होत्या, दीपगृहाच्या टेकडीवरून दिसणारें बंदर होतें, तीन गणेशचतुर्थींचीं मखरें होतीं. वखारीचा एकही फोटो नव्हता. तिच्या आवाराजवळून मी आयुष्यांत किती हजार वेळां गेलों असेन! परदेशांतल्या मनोऱ्याभोंवतीं एका संध्याकाळीं सात फेऱ्या घातल्या, आणि घरच्या वास्तूकडे साठ वर्षांत एकदांही थांबून पाहिलें नाहीं. पोरीला मीं तोंडी वर्णन करून सांगितलें. जांभ्याच्या चिऱ्यांचें दुमजली बांधकाम, छप्पर गेलेलें, भिंतींवर झाडें वाढलेलीं. एवढें सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आणि खिडक्या किती?" तें मला सांगतां आलें नाहीं.

विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, याच वखारीचे कागद त्यांच्या देशांत शाबूत आहेत. कंपनीचें दप्तर हेगच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहे. २००३ मध्यें युनेस्कोनें जगाच्या स्मृतिठेव्यांत त्याची नोंद केली. वेंगुर्ल्याच्या डचांनीं धाडलेल्या पत्रांत शिवाजीमहाराजांच्या हालचालींच्या वार्ता आहेत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनीं आपल्या इंग्रजी शिवचरित्रासाठीं डच कागद धुंडाळले, त्यासही आतां सुमारें नव्वद वर्षें होऊन गेलीं. पत्रें तेथें जपलेलीं, आणि तीं ज्या भिंतींआड लिहिलीं गेलीं त्या भिंती येथें दर पावसाळ्यांत झिजताहेत.

साध्या चित्राचें मोल किती असतें, तें वॉर्सा शहरानें दाखविलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत तेथील जुनी पेठ जमीनदोस्त झाली. ती पुन्हा उभारतांना, अठराव्या शतकांत बेलोत्तो या इटालियन चित्रकारानें रंगविलेलीं तेथील रस्त्यांचीं चित्रें, आणि युद्धापूर्वीं घेतलेल्या मोजमापांचे नकाशे उपयोगी पडले. चित्रें काढतांना बेलोत्तोच्या मनांत हें खास नसणार.

पाऊस ओसरल्यावर, दसऱ्यानंतर, सकाळीं आठ वाजतां मी वखारीपाशीं गेलों. दोन मीटरांची वेळूची काठी नेली होती. दर अर्ध्या मीटरावर तिला चुन्याची खूण केली होती. काठी भिंतीशीं उभी करून फोटो घेतला, म्हणजे उंचीचा अदमास लागतो. बाहेरूनच जेवढ्या बाजू दिसतात तेवढ्या घेतल्या. आंत शिरलों नाहीं, कोणीं शिरूंही नये; सैल झालेला चिरा केव्हां निसटेल याचा नेम नाहीं. भिंत दूरून पुरी घ्यावी, मग कमान, मग मुळांनीं फोडलेला सांधा. प्रत्येकाची तारीख वहींत लिहून ठेवावी. फोटो पाहून आमच्या घरांतून अभिप्राय आला, "ह्यांत माणूस म्हणून कुणी नाहीं." दुसऱ्या दिवशीं काठीच्या जागीं त्या स्वतः उभ्या राहिल्या. ते फोटो देखणे नाहींत. वेलींनीं निम्मी भिंत झांकली आहे. पण खिडक्या मोजतां येतात, आणि ती संख्या मीं नातीला कळविली आहे.

गेलें तें मात्र या फोटोंत येणार नाहीं. तें असेलच तर जुन्या ट्रंकांत. ज्या वाचकांचीं घराणीं वेंगुर्ल्याकडचीं आहेत, मग तीं आज मुंबईस असोत कीं बेळगांवास, त्यांनीं लग्नामुंजींचे व शाळेच्या सहलींचे फोटो एकदां माणसांच्या डोक्यांमागें काय आहे हें पाहण्यासाठीं काढावेत. कांहीं दिसल्यास मागल्या बाजूस पेन्सिलीनें साल लिहावें, आणि एक प्रत गांवच्या वाचनालयांत द्यावी.

आमच्या थोरल्या वहिनींकडे एक फोटो निघाला. चुलत आत्याच्या लग्नानंतर दुसऱ्या दिवशीं सगळ्यांनीं बाहेर उभें राहून काढलेला. बायका खुर्च्यांवर, पुरुष मागें. आत्याच्या यजमानांच्या टोपीमागें वखारीची एक खिडकी, चौकटीसकट. आणि तिच्यावर भिंतीचा सलग माथा. आज त्या जागीं आभाळ आहे. मी फोटो उचलतांच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घरीं न्यायचा नाहीं हो. काय पाहायचं तें इथंच बसून पाहा." मीं भिंग मागितलें.