उतरत्या छपराखाली

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही शिरूरहून न्हावरा-चौफुला मार्गे दौंडला आपाकडे गेलो, तर घरात अबोला. भाची दहावीत जाणार. खाली दोनच खोल्या, त्यातल्या एकीत नानी आणि ती. नानीला रात्री आठला दिवा बंद लागतो, हिचा अभ्यास तेव्हा सुरू होतो. दुल्हेभाईंनी पत्र्याखालचा माळा तिला द्यायचं ठरवलं होतं. आपाचं म्हणणं एकच : "अडगळीच्या जागी मुलगी टाकायची का?"

आपल्या देशावर पाऊस बेताचा, म्हणून जुन्या घरांना सपाट मातीचं माळवद असायचं. पत्रे आले आणि छपराला उतार आला. या माळ्याची मधली उंची ८ फूट, पूर्व-पश्चिमेच्या भिंतींशी जेमतेम साडेतीन. रुंदी १२ फूट. बाजारातलं सामान मात्र सरळ भिंतींच्या खोलीसाठी घडवलेलं असतं. आपाला अम्मीने दिलेलं लोखंडी कपाट साडेसहा फुटांचं. ते फक्त मधोमध उभं राहू शकतं, म्हणजे ऐन वाटेत. शिवाय ते जिन्याच्या वळणावरच अडलं. चार माणसांनी अर्धा तास घाम गाळला आणि ते परत खाली नानीच्या खोलीत आलं. आपाच्या डोळ्यांत पाणी. कपाट मुलीला द्यायचं, असं तिने फार आधीपासून मनात धरलं होतं.

मग आम्ही शाळेतला टेप आणि खडू घेऊन वर बसलो. आधी छताची सोय केली. पत्र्याला बाहेरून चुना, आतून हवेला फट ठेवून बांबूच्या चटया. यात चार बोटं उंची जाते, म्हणून मोजमाप चटया लावून झाल्यावरच घ्यावं. आम्ही आधी घेतलं होतं, ते सगळं पुसावं लागलं.

झोपलेल्या माणसाला उंची लागत नाही, उठून बसणाऱ्याला लागते. पलंग दीड फूट उंच, त्यावर बसलेल्या माणसाचं डोकं साधारण साडेचार फुटांवर. म्हणून पलंग पूर्वेच्या भिंतीला न चिकटवता दीड फूट अलीकडे घेतला. तिथे छप्पर साडेचार फुटांच्या किंचित वर आहे. मागच्या दीड फुटाच्या पट्टीत चार ट्रंका बसल्या, वर चादर टाकली की फळीच. पलंग उत्तर-दक्षिण लावल्याने पाय किब्ल्याकडे होत नाहीत. ही गोष्ट मात्र आपाने सांगितली, आमच्या ध्यानात नव्हती.

नमाजची जागा उताराने आपोआप जमवली. मधोमध कियामला पुरी उंची मिळते आणि सजदा पश्चिमेच्या बुटक्या बाजूला जातो, तिथे उंची लागतेच किती! म्हणून जिन्याजवळची ती चार फूट जागा मोकळी ठेवली. टेबल त्याच बाजूला, पण दक्षिणेच्या खिडकीशी. खुर्ची आतल्या अंगाला ठेवली, म्हणजे उठताना डोकं मधल्या उंच भागात राहतं.

आमची एक चूक झाली. उजेडासाठी टेबलावरचा एक पत्रा काढून पारदर्शक बसवायचा सल्ला आमचाच. तो उतार पश्चिमेचा. दौंडचं ऊन तीन वाजता थेट वहीवर उतरलं. भाचीने छत्री उघडून बसून दाखवलं आणि अबोला असलेल्या घरात पहिल्यांदा सगळे हसले. आता तिथे पोत्याचा पडदा आहे, दुपारी ओढायचा.

कपड्यांसाठी आपाने खालच्या कपाटाचा मधला खण रिकामा केला आणि त्याची किल्ली मुलीच्या हाती दिली. रोज सकाळी मुलीला त्यासाठी खाली नानीकडे यावं लागतं.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही खाली ओसरीवर पडलो होतो. स्टेशनात गाडी शिरल्याचा आवाज आला, वर दिवा जळत होता. आतून नानीचा आवाज आला, "अगं, ती जेवली का? आणि वर डोकं आपटत नाही ना?"