‘एवढा मोठा झाला न् अजून खेळूनच राहिला’ : एका जुन्या आरोपाची झडती

१/ समुद्रपूरहून हिंगणघाटला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये पस्तिशीचा एखादा नोकरदार खिशातून हातभर नव्हे, वीतभर लांबीचे एक यंत्र काढतो आणि पडद्यावरचा डाव खेळू लागतो. शेजारचे आजोबा अर्धा मिनिट पाहतात आणि निकाल देतात : ‘एवढा मोठा झाला न् अजून खेळूनच राहिला.’ त्याच बसमध्ये चार जण भ्रमणध्वनीवर राजकारण्यांच्या भांडणाच्या चित्रफिती पाहत असतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. आजचा धागा त्या एका वाक्याविषयी आहे, कारण त्यात इतिहासाविषयीची निदान तीन चुकीची गृहीतके दडलेली आहेत.

२/ पहिले गृहीतक असे, की खेळ ही बालपणाची गोष्ट आणि प्रौढाने खेळणे म्हणजे वाढ खुंटणे. हे गृहीतक बाळगणाऱ्याने वेरूळला जावे. लेणे क्रमांक १४, २१ आणि २९ येथे शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. हे दांपत्य आहे, बालके नव्हेत. पार्वती जिंकत आहे की शिव, कोण कोणाला थांबवत आहे, यावर अभ्यासकांनी पाने खर्ची घातली आहेत. परंतु देवांनी या वयात खेळावे काय, असा प्रश्न त्या शिल्पकारांना पडलेला दिसत नाही.

३/ महाराष्ट्रातल्या अनेक लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या दगडी फरशांवर पटखेळ कोरलेले आढळतात : चौकटी, रेषा, खळग्यांच्या ओळी. त्यांचा काळ ठरवणे अवघड असते, कारण दगड जुना आणि रेघ नवी असू शकते. तरीही एक गोष्ट उघड आहे. तासन्‌तास टाकी चालवून दगडात पट कोरणारा माणूस पहाऱ्यावरचा शिपाई असेल, वाटसरू असेल, भिक्षू असेल, पण ते लहान मूल नक्कीच नव्हते.

४/ ग्रंथांकडे वळल्यास बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ समोर येतो. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्य मिळवणे, राखणे, उपभोगणे हे विषय आहेतच. शिवाय वीस अध्याय विनोदांचे आणि वीस क्रीडांचे आहेत. म्हणजे राजाच्या शिक्षणक्रमातील पाचापैकी दोन भाग मनोरंजनाचे. पुढे १८७१ साली औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनी ‘क्रीडाकौशल्य’ रचले. बुद्धिबळ, गंजिफा, सोंगट्या अशा खेळांचे नियम एकत्र नोंदवणारा हा संस्कृत ग्रंथ म्हणजे आजच्या भाषेत एक गेम लायब्ररीच. ‘हे पाश्चात्त्य फॅड आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवावा.

५/ आणि आपली भाषा? शह, काटशह, मात, प्यादे, फासे उलटे पडणे, हुकमाचा एक्का, डाव साधणे. मराठी वृत्तपत्राचे राजकीय पान यांवाचून एक दिवस निघू शकत नाही. हे शब्द पाळण्यातून आलेले नाहीत. प्रौढांच्या बैठकीतून आलेले आहेत.

६/ आता या धाग्याच्या विरोधकांचा सर्वांत बळकट पुरावा. तो लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. सुमारे १२७८ साली म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त, मराठीच्या आद्य गद्यग्रंथात, एका प्रौढ खेळाडूची कथा आहे. चक्रधरस्वामी पूर्वाश्रमी भडोचचे हरपाळदेव असताना त्यांना द्यूताचे वेड होते. डावात हरल्यावर त्यांनी देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागितले. तिने नकार दिला. त्या नकाराने मन विटले, पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले आणि ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंपाशी पोहोचले. विदर्भाच्या धर्मेतिहासातले एक मोठे वळण जुगाराच्या देण्यापासून सुरू होते.

७/ मग खेळ घातक ठरला ना? नीट वाचावे. कमळाइसेने खेळाला नकार दिला नाही, पणाला नकार दिला. ‘पण’ म्हणजे डावावर लावलेले मोल. द्यूतसभेतल्या पांडवांपासून हरपाळदेवांपर्यंत संसार उधळतो तो फाशांमुळे नव्हे, फाशांवर लावलेल्या वस्तूंमुळे. खेळ आणि जुगार यांची गल्लत करणारा मनुष्य नीतिमान नसतो, बेसावध असतो. कारण तो बसमधल्या निरुपद्रवी डावावर डाफरतो आणि घरच्याच कोणाच्या भ्रमणध्वनीवरील पैशांच्या रमीकडे त्याचे लक्षही जात नाही.

८/ हा भेद कायद्यालाही फार पूर्वीच उमगला होता. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला आणि मध्य प्रांतात राहिला. त्या प्रांताला लागू असलेल्या १८६७च्या सार्वजनिक जुगार कायद्याने जुगारअड्ड्यांना शिक्षा सांगितली, पण निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यातून स्पष्टपणे वगळले. मुंबई इलाख्याच्या १८८७च्या कायद्यातही तशीच तरतूद होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला तेव्हा निकष बदलला : कौशल्य की नशीब हा वाद बाजूला ठेवून, पैसा लागतो की नाही एवढेच पाहिले. पैशांचे ऑनलाइन खेळ बंद. ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळांना मात्र मान्यता. कमळाइसेचा निकष साडेसातशे वर्षांनी दिल्लीला पोहोचला, असे थोड्या अतिशयोक्तीने म्हणता येईल.

९/ आता यंत्राकडे. हातातली गेम-यंत्रे मुळात मुलांसाठी निघाली आणि मोठ्यांनी ती बळकावली, हा समज सरसकट आढळतो. घडले नेमके उलट. निन्टेन्डो कंपनीतील अभियंता गुनपेई योकोई जपानच्या शिन्कान्सेन गाडीतून प्रवास करत असताना त्यांना एक कंटाळलेला नोकरदार गणकयंत्राची बटणे उगाच दाबत बसलेला दिसला. कामावर ये-जा करणाऱ्या प्रौढाला तळहातात लपवून खेळता येईल असे काही का असू नये, हा विचार तिथे सुचला. त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ जन्मले. शिन्कान्सेनमधला तो नोकरदार आणि समुद्रपूरच्या बसमधला हा नोकरदार यांच्यात भाषेखेरीज फारसा फरक नाही.

१०/ योकोईंचे तंत्रविषयक सूत्रही मोलाचे होते : जुन्या, स्वस्त, रुळलेल्या तंत्राला नवा उपयोग द्यावा. म्हणून १९८९चा गेम बॉय कृष्णधवल राहिला. त्याच काळातली अटारी लिंक्स आणि सेगा गेम गिअर ही यंत्रे रंगीत होती, देखणी होती, आणि बॅटऱ्या भराभर संपवणारी होती. दोन्ही मागे पडली. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली.

११/ नावात ‘बॉय’ असूनही त्यासोबत दिलेला खेळ मुलांपुरता नव्हता. ‘टेट्रिस’ १९८४ साली मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव यांनी रचला, तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. गेम बॉयसोबत कोणता खेळ द्यावा यावर खल झाला, तेव्हा टेट्रिसचे हक्क मिळवण्यासाठी धडपडणारे हेंक रॉजर्स यांनी मांडलेला मुद्दा साधा होता : फक्त मुलगे हवे असतील तर मारिओ द्या, सगळे हवे असतील तर टेट्रिस द्या. सगळे हवे होते.

१२/ आणि सगळे आले. १९९१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश रुग्णालयात असताना गेम बॉय खेळतानाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९९३ साली विमानात गेम बॉय हाती घेतलेल्या हिलरी क्लिंटन यांचेही. त्याच वर्षी ४९ वर्षांचे रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव टेट्रिससह आपला गेम बॉय मीर स्थानकावर घेऊन गेले आणि तो १९६ दिवस पृथ्वीभोवती फिरला. ‘वाढ खुंटलेल्यां’ची ही यादी अंमळ वजनदार आहे.

१३/ आपल्याकडे हे लोण वेगळ्या वाटेने आले. नव्वदच्या दशकात जत्रेतल्या दुकानांत, बसस्थानकाबाहेरच्या टपऱ्यांवर ‘ब्रिक गेम’ लटकत असे. चिनी बनावटीचे हे यंत्र म्हणजे टेट्रिसचाच स्वस्त अवतार. दहा चौकोन रुंद, वीस चौकोन उंच पडदा, आणि वेष्टनावर ‘९९९९ खेळ एकात’ अशी गर्जना. उघडून पाहावे तर मूळ खेळ मूठभर. बाकी सगळे वेग आणि पातळी बदलून केलेले आकड्यांचे फुगे. तरीही ती भारतीय खेड्यापर्यंत आलेली पहिली गेम लायब्ररी होती, आणि ती ‘मुलासाठी’ विकत घेणारे वडील रात्री जेवणानंतर ती कशी वापरत, हे घराघरांना ठाऊक आहे.

१४/ त्यानंतर २००३ साली नोकिया ११०० आला. जगभर पंचवीस कोटींच्या घरात विकलेल्या या फोनला वर टॉर्च होता आणि आत ‘स्नेक’ होता. कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात रात्री ओलिताला जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी दोन्ही कामाचे. वीज यायची वाट पाहत विहिरीच्या काठावर बसलेला माणूस साप वाढवत बसे. त्याला कोणी ‘गेमर’ म्हटले नाही, म्हणून इतिहासातही त्याची नोंद झाली नाही.

१५/ येथे या आरोपाचे खरे मूळ दिसू लागते. सावंतवाडीच्या राजवाड्यातली दशावतारी गंजिफा, दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० गोल पाने, ही ‘कला’ आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले जुने खेळ हा ‘वारसा’ आहे. तोच खेळकर स्वभाव मेकॅनिकच्या, कंडक्टरच्या, शेतकऱ्याच्या हाती आला की ‘व्यसन’ होतो. आक्षेप वयावर नाही. आक्षेप कष्टकऱ्याने स्वतःसाठी राखलेल्या वेळेवर आहे.

१६/ वर्धा जिल्ह्यात असे काही लिहिले, की सेवाग्राम आठवून देणारे भेटणारच. श्रमाची प्रतिष्ठा शिकवणाऱ्या भूमीत खेळाची वकिली? परंतु श्रमाच्या इतिहासातच विश्रांतीचा इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी पदरात पाडून घेतली. मालकांना तेव्हाही प्रश्न पडला होता, की हे लोक सुट्टीचे करणार काय. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास कामगार बांधील नव्हता. आजही नाही.

१७/ आणखी एक साम्य. १८७२ साली का. बा. मराठे यांनी नावल आणि नाटक यांविषयी निबंध लिहून त्या काळच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर कोरडे ओढले होते. त्यांची टीका वाङ्मयीन होती आणि बरीचशी रास्तही. पण कादंबरी वाचणे म्हणजे वेळ नासणे, हा सूर त्यानंतरही कित्येक दशके घराघरांत टिकला. आज कादंबरी अभ्यासक्रमात आहे आणि तोच सूर गेमवर लावला जातो. गाणारे बदलले, चाल तीच.

१८/ या वादाची किंमत केवळ बसमधल्या ओशाळलेपणाने चुकती होत नाही. जुलै २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज कोणत्याही अधिकृत मार्गाने विकत मिळत नाहीत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेन्डोने थ्रीडीएस या यंत्राचे ऑनलाइन दुकान बंद केले. केवळ तिथेच मिळणारे खेळ त्या दिवसापासून नव्या ग्राहकाला मिळेनासे झाले. प्रौढ खेळाडू जुनी यंत्रे दुरुस्त करतात, काडतुसांतले खेळ उतरवून ठेवतात, कोणती आवृत्ती कोणत्या साली आली याच्या याद्या करतात. हस्तलिखितांच्या बाबतीत हेच काम करणाऱ्यांना आपण संशोधक म्हणतो.

१९/ अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे एक मागणी आली : बाजारातून गेलेले खेळ ग्रंथालयांनी अभ्यासकांना दुरूनही पाहू द्यावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती फेटाळली गेली. एक प्रमुख कारण असे, की लोक ते खेळ मौजेखातर खेळतील. वाचनालयाच्या दारावर ‘कादंबरी मौजेखातर वाचू नये’ अशी पाटी लावली तर गावात हसू होईल. गेमच्या बाबतीत तीच पाटी कायद्याच्या भाषेत लागते आणि कोणी हसत नाही. ‘पोरखेळ’ म्हणून हिणवलेल्या वस्तूचे असेच होते. तिच्यासाठी ना ग्रंथपाल भांडतो, ना विद्यापीठ.

२०/ भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७, येथे थोडा उदार आहे. कलम ५२ नुसार संगणक-कार्यक्रमाची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून राखीव प्रत करता येते. या मुभेचा अर्थ फुकट वाटप असा होत नाही, हेही सांगितले पाहिजे. फुकट्या चाचेगिरीला ‘जतन’ म्हणणारे लोक या बाजूचे मोठेच नुकसान करतात.

२१/ समुद्रपूर, गिरड, नंदोरी, जाम येथल्या घरांतल्या जुन्या खणांत अजून काही ब्रिक गेम पडून असतील. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज, अर्धी बटणे बसलेली. ते फेकण्यापूर्वी चालू होतात का पाहावे, वेष्टन असेल तर त्यावरचा मजकूर उतरवून घ्यावा, आत नेमके किती खेळ आहेत ते मोजावे, कुठून आणि केवढ्याला घेतले ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. आणि जमल्यास एवढेही विचारावे, की घरात सर्वांत जास्त गुण कोणाचे होते.